वारशाने आलेली जोखीम आणि आपले मौन
— बोरगाव येथील एक घाऊक धान्य व्यापारी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडून सीमाभागातील धान्यबाजारासंबंधी लेख मागितला होता. पन्नास वर्षे ज्वारी, गहू व हरभऱ्याच्या पोत्यांत काढलेल्या माणसास तो विषय अवघड नव्हता. तथापि लेखणी हाती घेतली तेव्हा मनात दुसराच विषय घोळत होता आणि तो बाजूस सारून आवक-जावक व अडतीच्या दरांवर लिहीत बसणे हे मला एक प्रकारचे ढोंग वाटू लागले. मंडळास तसे कळविले. त्यांनी उदारपणे अनुमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय अमंगळ आहे, स्मरणिकेच्या शुभप्रसंगी शोभणारा नाही, असे काही वाचकांस वाटेल. त्यांची आधीच क्षमा मागतो.

माझ्या वडिलांना आम्हीच काय, सारी पेठ आप्पा म्हणे. १९७५ साली मी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आप्पांचे डोळे पिवळे दिसू लागले. त्याआधी दोन-तीन महिने त्यांच्या पाठीत कळ येत असे व अन्न जात नसे. पण पोती मोजणाऱ्या माणसाची पाठ दुखायचीच, असे म्हणून कोणी लक्ष दिले नाही. कावीळ म्हणून झाडपाला झाला, पथ्य झाले, शेवटी मिरजेस नेले. तेथे पोट उघडून पुन्हा शिवले. भाद्रपद संपण्यापूर्वी आप्पा गेले. वय अवघे बावन्न. दुकानाची किल्ली माझ्या हाती आली आणि माझे शिक्षण तेथेच थांबले. घरात सांगण्याची गोष्ट ठरली ती ही, की आप्पा काविळीने गेले.

आप्पांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे आमच्या आत्या, त्यापूर्वीच छातीच्या गाठीने वारल्या होत्या. ती गोष्ट तर स्त्रियांच्या माजघरातून बाहेरही आली नव्हती. मला ती कळली ती २०२१ साली, माझा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळल्यानंतर.

धाकट्याची कथा थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती वाचून एखाद्या घरात कोणी सावध झाले तर या लेखाचे काम झाले. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याला एकाएकी मधुमेह निघाला. आपल्या व्यापारी घरांत मधुमेह म्हणजे दिवाळीच्या पाहुण्यासारखा, येणारच असे धरून चालतो. गोळ्या सुरू झाल्या. त्याने सकाळी फिरणे सुरू केले, वजन आठ-दहा किलोंनी उतरले आणि आम्ही सर्वांनी त्याची पाठ थोपटली! वजन फिरण्याने उतरत नव्हते. पोटाच्या पाठीमागे, जठराच्या आड, स्वादुपिंड नावाची वीतभर लांबीची एक ग्रंथी असते. अन्न पचविणारा रस आणि साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन ही तिची दोन कामे. तिच्यात कर्करोग धरला होता. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या शंभर माणसांत सुमारे एकाला तीन वर्षांच्या आत हा रोग निघतो, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदविले आहे. शंभरांत एक म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, उरलेले नव्व्याण्णव साधे मधुमेहीच असतात. परंतु मधुमेह नवा, घराण्यात कोणास हा रोग झालेला, आणि वजनही आपोआप उतरत असलेले, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर थांबू नये. आमच्याकडे तिन्ही होत्या.

२०२२ साली भाऊ गेला. हा रोग असाच आहे. निदान होते तेव्हा दर पाचांपैकी चारांना शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरांत तेराच्या आसपास. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने निवर्तले. नाकात नळी असतानाच त्यांनी विधानसभेत अंदाजपत्रक मांडले होते, ते दृश्य अनेकांस आठवत असेल. पर्रीकरांचे नाव येथे आनुवंशिकतेच्या संदर्भात घेत नाही, रोगाची ओळख पटावी म्हणून घेतो. या रोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे दहांच्याच घराण्यात तो वारशाने आलेला दिसतो. नव्वदांच्या बाबतीत तसे नसते. आमचे घराणे त्या दहांपैकी निघाले.

ते कसे कळले? मुंबईच्या डॉक्टरांनी भावाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करविली. आता या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची ती करावी असे जाणकारांचे मत आहे. त्यात बीआरसीए-२ नावाच्या जनुकात दोष आढळला. या जनुकाचा शोध १९९५ साली लागला. पेशीतील बिघाड दुरुस्त करणे हे त्याचे काम. तो स्वतःच बिघडला तर दुरुस्ती अपुरी पडते. या दोषाने स्त्रीस स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा, पुरुषास प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आणि दोघांसही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो, आणि स्वादुपिंडाचा धोका शंभरांत पाच ते दहांच्या घरात जातो. आई वा बाप, कोणाकडूनही तो येतो. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी. आत्यांची छातीची गाठ, आप्पांची कावीळ आणि धाकट्याचा मधुमेह या तीन वेगवेगळ्या वह्यांतील नोंदी एकाच खात्याच्या होत्या!

डॉक्टरीणबाईंनी मला वंशावळ विचारली. सात पिढ्यांचे गोत्र, कुलदैवत, कोणाची सोयरीक कोठे झाली, हे मी न अडखळता सांगितले. कोण कशाने वारले हे विचारताच माझी जीभ अडली. एक चुलते ‘पोटाने’ गेले. एक चुलत बहीण ‘बाळंतरोगाने’ गेली, पण तिचे धाकटे मूल तेव्हा शाळेत जात होते. एकही उत्तर धड देता आले नाही. उधारीच्या पै-पैची नोंद ठेवणाऱ्या आम्हा लोकांस आपल्याच माणसांच्या मृत्यूचे कारण ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

येथे एका परदेशी घराण्याची हकीकत सांगतो. ती आपल्यासारख्याच व्यापारी घराची आहे. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात प्लेन्स नावाच्या खेड्यात कार्टर नावाचे कुटुंब भुईमुगाची शेती व व्यापार करी. १९५३ साली घरचे कर्ते गृहस्थ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारले. वय अठ्ठावन्न. थोरला मुलगा आरमारात अधिकारी होता. तो नोकरी सोडून गावी परतला आणि भुईमुगाचे कोठार सांभाळू लागला. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, जिमी कार्टर. १९८३ साली त्यांची बहीण रूथ, १९८८ साली भाऊ बिली व १९९० साली दुसरी बहीण ग्लोरिया, तिघेही त्याच रोगाने गेले. कार्टर एकटे राहिले. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही, मुलाखतीतून सांगितली. वडील व भावंडे धूम्रपान करीत, आपण कधी केले नाही, एवढाच फरक त्यांना दिसे. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून ते वारले. बाप गेल्यामुळे दुकानावर येऊन बसलेल्या मुलाची ही कथा वाचली तेव्हा मला काय वाटले असेल, हे सांगणे न लगे.

धूम्रपानाचा उल्लेख आलाच आहे. आपली संघटना निपाणीच्या सावलीत वाढली, आणि निपाणीची पेठ विडीच्या तंबाखूवर. सभासदांत तंबाखूचे व्यापारी आहेत. त्यांच्या देणग्यांवर शाळा व वसतिगृहे उभी आहेत, हे मी जाणतो. त्यांच्या व्यवसायावर मी येथे निवाडा देत नाही. माझ्याच गोदामाच्या अर्ध्या भागात एके काळी तंबाखूच्या बोदांचे भाडे येत असे. पण शास्त्र सांगते ते सांगितले पाहिजे. धूम्रपानाने या रोगाचा धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि ज्या घराण्यात तो वारशाने आहे तेथे ओढणाऱ्यास तो न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. धाकटा दुकानामागे उभा राहून विडी ओढी. मी थोरला असून डोळेझाक केली.

आता मौनाविषयी. माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “थोरले काका, माझीही तपासणी करून घ्यायची आहे.” तिची आई म्हणाली, “आधी लग्न होऊ दे, मग काय ते करा. कागदावर आले की गावभर होईल.” मी भावजयीच्या बाजूने बोललो. येथे लपवीत नाही. मी म्हणालो, “बाळ, दोन वर्षे थांब.” एका परिचित घराण्याचे स्थळ आले होते, मुलगा उत्तम होता, आणि सौद्यात मालाचे वर्णन आपणहून कमी करून सांगावयाचे नसते ही पेठेची बुद्धी माझ्या डोक्यात शिरली होती. पुतणीने मुलाला स्वतःच सांगितले. पंधरा दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तोवर पत्रिका तीन वेळा पाहून झाली होती.

चार महिन्यांनी, रात्री आठच्या सुमारास, दुकानाची फळी लावत असताना एक गृहस्थ आले. ते त्याच घराण्याचे निकटचे सोयरे. बाजारभाव झाले, पाऊस झाला, मग खाली मान घालून त्यांनी मुंबईच्या त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. त्यांची आई आणि बहीण दोघी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या, आणि आता मुलीस गाठ जाणवत होती. मी पत्ता दिला. आमच्या घरचे ऐकून त्यांच्या घरी कुजबुज झाली होती. त्या कुजबुजीतूनच त्यांस पत्ता मागण्याचे सुचले. म्हणजे पुतणीचे बोलणे वाया गेले नव्हते. माझे मौन मात्र जिंकले असते तर वाया गेले असते ते त्या मुलीचे आयुष्य.

वडीलधाऱ्यांपैकी काहींनी मला सांगितले, हे कर्माचे फळ आहे, त्याची तपासणी ती काय करावयाची? कर्मसिद्धांतावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु छप्पर गळते असे कळल्यावर मृगापूर्वी घर शाकारू नये, असे कोणत्याही मुनिमहाराजांच्या मुखातून मी ऐकलेले नाही.

शाकारता येते काय, हाच खरा प्रश्न आहे. धान्याचा व्यापारी म्हणून मला त्याचे उत्तर सोंड्यावरून कळते. सोंडा बाहेरून दाण्यावर बसत नाही. तो दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बुजवून टाकतो. वरून दाणा निर्मळ दिसतो. पोत्यातून पीठ गळू लागले की मगच अनभिज्ञ माणसास कळते. स्वादुपिंडाचेही असेच आहे. पहिला बिघाड झाल्यापासून रोग पसरेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ जातो, असे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०१० साली मांडले. दहा वर्षे हा मोठा अवधी आहे. त्या अवधीत दाणा फोडून पाहण्याची सोय असेल तर?

त्यासाठीच निगराणीचे संशोधन चालते. जॉन्स हॉपकिन्स येथे १९९४ साली अशा घराण्यांची नोंदवही सुरू झाली आणि १९९८ सालापासून धोक्यातील माणसांची ठराविक काळाने तपासणी होऊ लागली. घशातून नळी उतरवून जठराच्या भिंतीतून स्वादुपिंड पाहावयाचे, किंवा एमआरआय काढावयाचा, दरवर्षी एक. साधारणतः पन्नाशीपासून, किंवा घरात सर्वांत लहान वयात ज्यास रोग झाला त्याच्या वयापेक्षा दहा वर्षे आधीपासून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात अशा तपासणीत सापडलेल्या नऊ कर्करोगांपैकी सात पहिल्या अवस्थेत होते. एरवी पहिल्या अवस्थेत सापडणे ही लाखातली गोष्ट.

हॉलंडची हकीकत आपणांस अधिक जवळची. तेथे लायडन शहराच्या परिसरात सीडीकेएन-२-ए नावाच्या जनुकातील एक विशिष्ट दोष पुष्कळ घराण्यांत सापडतो; आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात सोयरीक झाली, म्हणून एका पूर्वजाचा दोष अनेक घरी पोहोचला. २००० सालापासून त्यांची निगराणी सुरू झाली. २०२२ पर्यंतच्या हिशोबात ३४७ जणांपैकी ३१ जणांस स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. त्यांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया करता आली आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत बत्तीसच्या वर गेले. बत्तीस म्हणजे पूर्ण विजय नव्हे. पण तेरा व बत्तीस यांतील अंतर ज्याच्या घरात मृत्यू झाला त्यास विचारावे.

आपली सोयरीकही अशीच कोल्हापूर, सांगली व बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या परिघात फिरते. असा एखादा सामायिक दोष आपल्या समाजात आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यू समाजातील एका शाखेत बीआरसीएचे तीन ठराविक दोष चाळिसांत एका माणसात सापडतात. ते त्यांनी शोधले म्हणून त्यांच्या मुलींस वेळीच सावध होता येते. त्यांच्या समाजाची त्यामुळे बेअब्रू झाल्याचे मी ऐकले नाही.

परंतु संशोधनात भाग घ्या म्हटले की आपल्या लोकांच्या मनात पहिला शब्द येतो ‘प्रयोग’, आणि दुसरा ‘ससा’. या भीतीस उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकन संशोधकांसह २००२ ते २००५ या काळात आपल्या खेड्यांतील १६२० बाळंतिणींवर एका गोळीचा अभ्यास केला. मिसोप्रोस्टॉल हे तिचे नाव. गावच्या परिचारिकांनी अर्ध्या स्त्रियांस ती दिली, अर्ध्यांस तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. बाळंतपणातील अतिरक्तस्राव शंभरांत बारांवरून साडेसहाच्या खाली आला. ते निष्कर्ष २००६ साली लंडनच्या लॅन्सेट साप्ताहिकात छापले गेले, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आफ्रिकेतील एखाद्या झोपडीत आज जी बाळंतीण वाचते, तिच्या वाचण्यात बेळगाव जिल्ह्यातील त्या स्त्रियांचा हातभार आहे. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीही गावोगावच्या लोकांनी मृत्यूचे खरे कारण सांगितले म्हणूनच चालली.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकतर्फी लिहिणे म्हणजे पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवणे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा हॉस्पिटलच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. एकाच विषाणू-तपासणीने त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ साली सिद्ध झाले आणि जगाने ते स्वीकारले. पण एका गटातील स्त्रियांची तुलनेसाठी तपासणीच केली नव्हती. ते न्याय्य होते काय, हा प्रश्न येथील व परदेशातील डॉक्टरांनीच विचारला. माझ्या मते तो विचारणे योग्यच होते. संशोधन लोकांसाठी असते. पण लोकांनी प्रश्न विचारल्याखेरीज ते लोकांसाठी राहत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी मी व्यापाऱ्याचे प्रश्न विचारले. माझे रक्त कोठे राहील? कोणास दिले जाईल? त्यातून कोणी नफा केला तर? हे प्रश्न खुळे नव्हते. अमेरिकेतील मिरियड नावाच्या कंपनीने बीआरसीए जनुकांवर पेटंट घेऊन वर्षानुवर्षे तपासणीचे हजारो डॉलर उकळले. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निसर्गाने घडविलेल्या जनुकावर कोणाची मालकी असू शकत नाही असा निर्णय दिला, तेव्हा ती मक्तेदारी मोडली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ सालची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हेतू समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, नाव गुप्त राहिले पाहिजे, संशोधनामुळे इजा झाल्यास भरपाई मिळाली पाहिजे, आणि मनात येईल तेव्हा कारण न देता बाहेर पडता आले पाहिजे. मला पहिला कागद इंग्रजीत दिला. मी मराठी मागितला. तो आठवड्याने आला. मग सही केली.

विम्याचा प्रश्न अधिक नाजूक. आमच्या विमा प्रतिनिधीने मला कानात सांगितले, “तपासणी करा, पण कोठे लिहू नका.” २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यात जनुकीय दोषावरून सरसकट भेदभाव करणे घटनाबाह्य ठरविले. पण अमेरिकेत २००८ साली झाला तसा या विषयावरचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो व्हावा यासाठी व्यापारी संघटनांनी खासदारांकडे अर्ज करावा असे माझे मत आहे. जकातीसाठी आपण किती अर्ज केले!

या निमित्ताने संघटनेच्या कार्यकारिणीस एक अप्रिय गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी सभासदांसाठी सवलतीत ‘संपूर्ण कर्करोग तपासणी’ ठेवली होती. तीत रक्तातील सीए १९-९ नावाची तपासणी होती. हेतू चांगला होता. परंतु ज्यांच्या घराण्यात धोका नाही व ज्यांस लक्षणे नाहीत अशा सर्वसाधारण माणसांची स्वादुपिंडासाठी तपासणी करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञ मंडळाने २०१९ साली पुन्हा बजावले आहे. खोट्या इशाऱ्यांनी माणसे घाबरतात, नको त्या शस्त्रक्रिया होतात. एका सभासदाचा आकडा वाढला, तो दोन महिने झोपला नाही, आणि शेवटी पित्ताशयात खडा निघाला. त्या पैशात दहा धोक्यातील घराण्यांस आनुवंशिक सल्ल्यासाठी नवी मुंबईत खारघरला पाठविता आले असते. टाटांच्या संस्थेचे कर्करोग आनुवंशिकतेचे चिकित्सालय तेथे आहे.

ज्यांस धोका आहे त्यांनाही हा भीतीचा कर भरावा लागतो. २०२३ साली माझ्या एमआरआयमध्ये आठ मिलिमीटरची पाण्याची गाठ दिसली. अशा गाठी बहुधा निरुपद्रवी असतात, असे डॉक्टरांनी सांगितले. पण ‘बहुधा’ या शब्दासह तीन महिने काढणे कसे असते ते मला विचारा. मी तराजूची वजने तीनदा मोजी. तीन महिन्यांनी गाठ तेवढीच होती. आजही तेवढीच आहे.

होय, माझ्यातही तो दोष आहे. बहिणीत नाही, निकाल ऐकून अक्का आनंदाऐवजी रडली, म्हणाली, “मी एकटी कशी सुटले?” थोरल्या चिरंजीवाने तपासणी करून घेतली. धाकटा म्हणतो, “अजून नको, आप्पा.” आता पेठेत मलाच आप्पा म्हणतात. त्याला मी दुसऱ्यांदा विचारले नाही. जाणण्याइतकाच न जाणण्याचाही माणसास अधिकार आहे, आणि धाकटा विडी ओढत नाही एवढे मला पुरे. मुलीस सासरी जाऊन मी स्वतः सांगितले. व्याह्यांनी चहा मागविला आणि म्हणाले, “आमच्याकडेही एक-दोन आहेत, सांगतो.” मग तासभर ते सांगत राहिले. पुतणीचा निकाल तिचा आहे, तो मी छापणार नाही. हा लेख तिला वाचून दाखविला. तिने दोन ठिकाणी शब्द बदलले आणि माझी चूक होती तेथे मात्र काही बदलू दिले नाही.

कार्यकारिणीकडे मी एक वही दिली आहे. कोणा सभासदाने मागितल्यास कोरी प्रत मिळेल. आजोबा, आजी, आईबाप, चुलते, आत्या, मामा, मावशा यांच्या नावांपुढे आजार व मृत्यूसमयीचे वय लिहिण्याची रकाने आहेत. ती भरून संघटनेकडे परत देऊ नये; स्वतःच्या तिजोरीत ठेवावी आणि डॉक्टरांस दाखवावी.

माझी पुढील तपासणी माघात आहे. त्याच सुमारास तुरीची आवक असते. दोन दिवस दुकान थोरला पाहील.